पोरांना रान ओळखू द्या

(मुलांच्या रानफेरीनंतर संध्याकाळी पाड्यावर सभा झाली. त्या सभेत वनहक्क समितीच्या एका कार्यकर्तीने केलेलं हे भाषण. थोडं लिहून आणलं होतं, बरंचसं तोंडीच झालं. जमेल तसं उतरवून छापत आहोत. ज्या गावांचे सामूहिक दावे अजून बाकी आहेत, त्यांनी ते गावसभेत मोठ्याने वाचून दाखवावं.)



आजा-आजींना जोहार, आया-बहिणींना, भावांना जोहार, आणि हे पुढे मातीत बसलेत त्या पोरांनाही जोहार. पोरांनो, सकाळपासून तुम्ही चाललात. पाय दुखत असतील. मी फार लांबवणार नाय. पण मोठ्यांना एक गोष्ट सांगायची आहे आणि ती तुमच्यासमोरच सांगायची आहे.

मागच्या थंडीत आमच्या पाड्याखालच्या सडकेवर एक मोठी बस येऊन थांबली. शहरातल्या शाळेची पोरं होती, चाळीसेक. डोक्यावर टोप्या, पाठीवर पिशव्या, गळ्यात शिट्ट्या. निसर्ग शिबिराला आली होती. दोन रात्री तंबूत राहायचं, झाडं बघायची, पाखरं बघायची, चांदण्या बघायच्या. त्यासाठी त्यांच्या आईबापांनी पैसे भरले होते. त्यांचे सर चांगले होते. पोरांना प्रेमाने सांगत होते, झाडाला हात लावा, डोळे मिटा, काय काय ऐकू येतं ते सांगा. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. मग एका झाडापाशी सर थांबले, पुस्तक उघडलं, पण त्यांना झाड सापडेना. वाटेने माझी काकी मोळी घेऊन चालली होती. सरांनी विचारलं, "मावशी, हे कोणतं झाड?" काकी म्हणाली, "काकड." आणि डोक्यावरची मोळी न उतरवता तिने सांगितलं की याची फळं शेवळीच्या भाजीत टाकायची, नाहीतर घसा खाजतो. सगळी पोरं वहीत लिहायला लागली.

त्या टायमाला काकीचा स्वतःचा पोरगा कुठे होता? आश्रमशाळेत. नववीला आहे. घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, कुंपणाच्या बाहेर पाय टाकायचा नाय. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो घरी आला तेव्हा मी त्याला तेच झाड दाखवलं. विचारलं, "हे काय रे?" तो म्हणाला, "झाड हाय."

तुम्ही हसलात. मला हसू आलं नाय, कारण मीही तशीच होते.

मी पाचवीपासून दहावीपर्यंत आश्रमशाळेत होते, मग तालुक्याला बारावी केली. आमच्या पाड्यावर बारावी झालेली मी तिसरी. म्हणून गावसभेने मला वनहक्क समितीत घेतलं. कायदाच सांगतो की समितीत एक तृतीयांश बाया पाहिजेत. मला म्हणाले, तुला लिहिता येतं, तू लिही. सामूहिक दाव्यासाठी शिवारफेरी काढली. सगळे हद्दीने चालले. माझ्या हातात वही, पेन, नकाशाचा कागद. ऐटीत होते मी. पहिल्या टेकाडावर आमच्या आजाने काठी दाखवून नाव सांगितलं, ते लिहिलं. दुसऱ्या ओहोळाचं सांगितलं, ते लिहिलं. तिसऱ्या ठिकाणी आजा दमून बसला आणि मला म्हणाला, "आता पुढचं तू सांग, तुझंच रान ना?"

मला एक नाव सांगता आलं नाय. वीस वर्षांची होते मी. ज्या रानाचा हक्क मागायला निघाले होते, त्या रानात मला कोणी एकटं सोडलं असतं तर संध्याकाळी घरी येता आलं नसतं.

त्या दिवशी आमची वाट एका पोराने पुरी केली. बारा वर्षांचा पोर, गुरं चारतो. शाळेच्या कागदावर त्याच्या नावापुढे गळती असं लिहिलं आहे. तो पुढे पळत होता आणि सांगत होता, इथे उन्हाळ्यात पण पाणी राहतं, इथे कडवे कांदे निघतात, इथे वाघोबाचा दगड, इथे पहिल्या पावसात मासे चढतात, इथे गुरं दुपारची बसतात. मी लिहीत गेले. संध्याकाळी मोजलं तर त्याची एकट्याची एकतीस ठिकाणं भरली. पण त्याला त्यातलं एकही नाव वाचता येत नव्हतं. त्याला रान येत होतं, मला अक्षर येत होतं. दोघांचं मिळून एक माणूस झालं, तेव्हा कुठे आमचा नकाशा झाला.

आता हे सगळं मी का सांगते? कायद्यात ते लिहिलेलं आहे म्हणून. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे, २०१२ ला ते सुधारले. त्या नियमांत १३ नंबरचा नियम पुराव्याचा आहे. लोकांना वाटतं पुरावा म्हणजे दंडाची पावती, जुना सातबारा, साहेबाची सही. ते तर आहेच. पण सामूहिक हक्कासाठी त्याच नियमात काय काय लिहिलंय ते ऐका. गुरं चारायच्या जुन्या जागा. कंदमुळं काढायच्या जागा. चारा, रानातली खायची फळं आणि बाकीचं गौण वनउपज गोळा करायच्या जागा. मासे धरायच्या जागा. माणसांना आणि गुरांना पाणी प्यायच्या जागा. वैदू, भगत औषध आणतात त्या जागा. देवाची झाडं, देवराया, तळी, मसणवटा. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांची जबानी, कागदावर उतरवलेली. दावा तपासताना यातले एकापेक्षा जास्त पुरावे बघायचे, असंही तिथेच म्हटलंय.

म्हणजे काय झालं? सरकार आपल्याला विचारतंय, तुमचं रान तुम्हाला ओळखतं का. कंद कुठे निघतो हे ज्याला माहीत नाय, तो कंदाची जागा काय दाखवणार? म्हणून मी म्हणते, पोरांना रान दाखवणं ही हौस नाय. शहरातल्या पोरांना ती सहल असेल, आपल्या पोरांना तो सातबारा आहे.

आमचा आजा त्याच पावसाळ्यात गेला. त्याची जबानी अर्धीच लिहून झाली होती. डोंगरापलीकडे एक झरा आहे, असं तो सांगायचा, जुन्या दुष्काळात तिथलं पाणी अख्ख्या पाड्याने प्यायलं. मी म्हटलं, आवणी झाली की तुला उचलून नेऊ आणि जागा लिहून घेऊ. आवणी झाली तेव्हा आजा नव्हता. तो झरा आमच्या नकाशात नाय. गुराख्या पोरालाही तो माहीत नव्हता, कारण तिकडे गुरं जात नाहीत. पाणी असेल तिथेच, पण आता ते आपलं आहे हे सांगणारं कोणी राहिलं नाय. ही चूक माझी. दुसऱ्या कोणाच्या पाड्यावर ती होऊ नये.

आता दुसरी गोष्ट. शाळेची पोरं रानापासून तुटतात ती नुसती कुंपणामुळे नाय, सुट्टीच्या टायमामुळे तुटतात. नीट बघा. आश्रमशाळेचं पोर घरी येतं उन्हाळ्यात, आणि दिवाळीला थोडे दिवस. उन्हाळ्यात ते काय बघतं? करवंदं बघतं, आंबे बघतं. मोहफूल फाल्गुन-चैतात पडतं, तेव्हा परीक्षा असते. वैशाखात रान सुकलेलं, पानं गळलेली. मृगाचा पहिला पाऊस पडतो आणि शाळेची घंटा वाजते. आणि आपलं रान शिकवायला कधी सुरू होतं? त्याच पावसाला! पहिल्या पावसात शेवळी वर येते. कोळीची भाजी येते, ती देवाला दाखवल्याशिवाय आपण खात नाय. ओहोळाला पाणी आलं की मासे वलगणीला चढतात. मग खेकडे, मग बांबूचे कोंब, मग अळंबी, मग टाकळा, कुर्डू. मग आवणी, मग निंदणी. जेठापासून भादव्यापर्यंत रानाची शाळा जोरात भरते आणि आपलं पोर तेवढेच महिने कुंपणाच्या आत असतं. असं पाचवी ते दहावी सहा वर्षं. सहा पावसाळे गेले तर पोराला शेवळी कशी माहीत असणार? त्याचा काय दोष?

पुस्तकात "परिसर अभ्यास" नावाचा विषय असतो. मी पण शिकले, चांगले मार्क पडले. पण परिसर कुंपणाच्या पलीकडे होता आणि अभ्यास अलीकडे.

काही भाऊ म्हणतील, ही पोरगी स्वतः बारावी झाली आणि आता आमच्या पोरांना रानात पाठवायला सांगते. तसं नाय. शाळा पाहिजेच. आपल्या बापजाद्यांनी वेठ केली, कोऱ्या कागदावर अंगठे दिले, जमिनी गेल्या. वाचता येत नव्हतं म्हणूनच गेल्या. तो गुराखी पोर आता माझ्याकडे रात्री अक्षरं शिकतो आणि मी त्याला सांगितलंय, तुला शाळेत घातल्याशिवाय मी सोडणार नाय. माझं म्हणणं एवढंच, की शाळेने पोराच्या हातात पुस्तक द्यावं, पण त्याच्या पायाखालचं रान काढून घेऊ नये.

आणि हे काय मी नवीन सांगत नाय. आपल्याच डहाणू तालुक्यात हे होऊन गेलंय. १९४५ साली इकडे वारल्यांनी वेठीविरुद्ध लाल बावटा उचलला. त्याच साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी लहान पोरांचं काम सुरू केलं. पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर आल्या. तिथे त्यांना दिसलं की आदिवासी पोरं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखतात. त्यांनी पोरांना बोल लावला नाय, गळती म्हणून लिहून टाकलं नाय. जिथे गुरं चरतात त्या कुरणातच शाळा नेली. तिला नाव दिलं कुरणशाळा. गुरं चरतायत आणि झाडाखाली पोरं शिकतायत. खडे मोजायचे, पानं मोजायची, बिया मांडायच्या. पोर रानात होतं तर शाळा रानात गेली. आज आपल्याला नेमकं उलटं करायचं आहे. पोर शाळेत गेलंय, तर आता रान त्याच्यापर्यंत न्यायचं, नाहीतर पोराला रानात आणायचं.

आता कसं करायचं ते सांगते. आमच्या पाड्यावर आम्ही दोन वर्षं करून बघतोय. पहिल्या खेपेला माझं चुकलं. मी तीस पोरं घेतली, रांग लावली, पुढे उभी राहून झाडांची नावं सांगितली, साठ नावं लिहून घेतली. पुढच्या रविवारी सातच पोरं आली. बाकीची मला बघून लपली! मग आमची आजी म्हणाली, "तू रानात पण शाळाच भरवलीस. पोरांना रिकामं भांडं दे. भूक लागली की शिकतील."

तेव्हापासून आम्ही रिकामं भांडं, मीठ, मिरची आणि तांदूळ घेऊन निघतो. कालवण रानातून मिळवायचं. ज्याला जे ओळखता येईल ते त्याने आणायचं, आजीला दाखवायचं, आजी हो म्हणाली तरच शिजवायचं. हा नियम पक्का, कारण अळंबीत चूक झाली तर जीव जातो. कडवे कांदे कसे काढायचे, पातळ चिरायचे, राखेत उकडायचे, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे, हे पोरांनी हाताने केलं. हाताने केलेलं पोर विसरत नाय. आणि त्यातच दुसरं पण येतं. कंद काढला की वरचा तुकडा परत मातीत पुरायचा. खेकडीच्या पोटाला पिल्लं असली तर सोडून द्यायची. बेटातले सगळे कोंब काढायचे नाहीत. झाडाचं फळ पाहिजे म्हणून फांदी तोडायची नाय. कायद्याच्या कलम ५ मध्ये म्हटलंय की रान, जनावरं, पाण्याच्या जागा यांचं रक्षण करायचा अधिकार गावसभेला आहे. आजीने कलम ५ वाचलेलं नाय, पण पोरांना ती तेच शिकवते.

लहान पोरं आणि मोठी पोरं यांना एकच काम देऊ नका. लहानांना जवळच्या रानात न्या. आंधळ्या कोशिंबिरीसारखे डोळे बांधून झाडाची साल ओळखायला लावा. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, ती एकदा हाताला लागली की विसरत नाय. पाखराचा आवाज काढायला लावा. भुईवर पिठाने पाड्याचा नकाशा काढायला लावा, घर कुठे, ओहोळ कुठे, देव कुठे. त्यांना मजा येते आणि आपल्याला कळतं त्यांना किती माहीत आहे.

चौदा-पंधराच्या पुढच्या पोरापोरींना हद्दीवर न्या. त्यांना कंपार्टमेंट नंबरचा दगड दाखवा, नकाशातला नंबर आणि दगडावरचा नंबर जुळवायला सांगा. कुठे नवीन तोड झाली, किती खुंट दिसतात, ते मोजून लिहायला सांगा. उन्हाळ्याआधी वणवा अडवायला जाळपट्टा कसा काढतात त्यात त्यांना हात लावू द्या. हे वय असं असतं की पोराला जबाबदारी पाहिजे असते. आपण दिली नाय तर ते दुसरीकडे जाऊन काय घेतं ते तुम्हाला माहीत आहे. मोबाईलला शिव्या देऊन काही होत नाय. आमची पोरं त्याच मोबाईलमध्ये आजीची जबानी भरून ठेवतात.

पोरींचं पण सांगते. लाकडं, पाणी, भाजी आणून आणून आपल्या पोरींना रान पोरांपेक्षा जास्त माहीत असतं, पण सभेत त्यांना कोणी विचारत नाय. वही त्यांच्या हातात द्या आणि आधी त्यांना बोलू द्या.

भाषा आपलीच ठेवा. मला शाळेत घरचं बोलले म्हणून उभं केलं होतं. मी ते कोणाचं नाव घेऊन सांगत नाय, पण त्या दिवसापासून मी घरची नावं विसरायला लागले, एवढं खरं. आमच्या पोरांच्या वहीत झाडाचं नाव आपल्या बोलीत पहिलं लिहितात, पुस्तकातलं खाली. दाव्यात पण जागेचं नाव आपलंच घातलंय.

सापाची भीती सगळ्या आया बोलून दाखवतात. खरी भीती आहे. म्हणून तर शिकवायचं. नाग, घोणस, फुरसं, मण्यार हे चार पोरांनी लांबून ओळखले पाहिजेत. हातात काठी पाहिजे, गवतात हात घालायचा नाय, रात्री भुईवर झोपायचं नाय, कारण मण्यार रात्रीची येते. आणि चावला तर आधी दवाखाना. भगताचा मान ठेवा, पण वेळ घालवू नका.

आणि गार्डाची भीती. रानभाजी आणायला गेलेल्या पोरांना हटकतात, भांडं-कोयता ओढून घेतात, असं काही पाड्यांवर झालंय. पोरांना घाबरवू नका, कायदा शिकवा. गौण वनउपज गोळा करायचा हक्क कलम ३ मध्ये आहे. दावा तपासून पुरा होईपर्यंत कोणाला हुसकावता येत नाय, हे कलम ४ मध्ये आहे. रानफेरीच्या आधी गावसभेचं पत्र वनरक्षकाला द्या, पोच घ्या. आणि त्यालाही बोलवा, चांगला असेल तर येईल. आमच्याकडे एक जण आला, पोरांबरोबर जेवून गेला.

आता शेवटचं. हे सगळं नुसतं ऐकून घरी जाऊ नका. गावसभेत ठराव करा.

पहिला ठराव, वर्षातून चार रानफेऱ्या. एक मोहाच्या दिवसांत, एक पहिल्या पावसात, एक भादव्यात, एक दिवाळीच्या सुट्टीत.

दुसरा, आश्रमशाळेच्या हेडमास्तरांना गावसभेचं पत्र द्यायचं. काही सुट्ट्या त्यांच्या अधिकारात असतात. त्यातली एक तरी पहिल्या पावसानंतर मागायची. नाय जमलं तर शाळेनेच पोरांना घेऊन जवळच्या रानात यावं, आपल्या आजी तिथे येतील. शाळा समितीत आपले आईबाप आहेत, त्यांनी तिथे तोंड उघडावं.

तिसरा, साठीच्या पुढच्या प्रत्येक माणसाची जबानी या पावसाळ्याच्या आधी लिहून काढायची. मोठ्या पोरांनी घरं वाटून घ्यावीत. आवणी झाल्यावर बघू, असं म्हणू नका. मी म्हटलं होतं.

चौथा, पोरांच्या वह्या आणि नकाशे वनहक्क समितीच्या दप्तरात ठेवायचे आणि दाव्याला जोडायचे.

पोरांनो, आता तुमच्याशी. आज तुम्ही ओहोळाच्या वरच्या अंगाला गेलात, तेव्हा मी तुम्हाला डोंगरापलीकडे बघायला सांगितलं. का सांगितलं ते आता कळलं असेल. तिकडे एक झरा आहे. आजाने सांगितलेला. एवढंच मला माहीत आहे, की तिथे मोठं उंबराचं झाड होतं. भादव्याच्या फेरीला आपण सगळे तिकडे जाऊ. सापडला तर पहिलं पाणी तुम्ही प्यायचं, आणि नाव नकाशात तुम्ही घालायचं.

जोहार. जिंदाबाद.